छातीतली सुई

३ मार्च

धाकट्या,

पुढे आशीर्वाद लिहायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलं-बिलं नाही. जायला राहिलंय कोण, तू नि मी. विषय तुझ्या घड्याळाचा आहे. आईला त्या शेवटच्या मशीनसाठी नेलं तेव्हा घड्याळ, कमरेचा पट्टा आणि किल्ल्या माझ्या हातात कोंबून तू दाराआड गेलास. पट्टा-किल्ल्या नंतर नेल्यास, घड्याळ राहिलं. आई गेल्यापासून ते माझ्या शिवणाच्या दुकानात बटणांच्या डब्यात पडून होतं. परवा शेजारचे घड्याळवाले काळं बटण मागायला आले, त्यांच्या नजरेला पडलं, आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी सेल घालून दिला. आता डब्यात टिकटिक सुरू झालीये. त्या आवाजात मला काज करता येत नाही. कुठे पाठवू ते कळव.

संपलं. एवढंच होतं.

आता लिहितेच आहे तर एक विचारते. तू त्या मशीनवाल्या नोकरीतला, तुला ठाऊक असणार. एक्स-रेमध्ये नस दिसते का?

झालंय असं की उजव्या हाताला मुंग्या येतात. आधी वाटलं कात्रीची धार गेली. धार लावून आणली, तरी तेच. मग गेल्या आठवड्यात वकीलबाईंचा काळा कोट कापायला घेतला आणि कात्री हातातून सुटून सरळ कॉलरमध्ये शिरली. इतकी वर्षं कापतेय, कधी असं झालं नव्हतं. बाई भल्या, काही बोलल्या नाहीत, पण मी दार लावून रडले. हात गेला तर मी काय करू रे? मला दुसरं काय येतं?

हाडांच्या डॉक्टरांनी मान दाबून बघितली आणि म्हणाले, मानेत नस दबली असेल, आधी एक्स-रे काढा, मानेचा आणि छातीचा. दुखतोय हात आणि फोटो छातीचा! बाही आखूड झाली म्हणून कुणी यावं आणि मी त्याच्या कमरेचं माप घ्यावं, तसंच झालं की हे.

उद्या जायचंय. मला या सगळ्याची शिसारी आहे, का ते तुला माहीत आहे. आईला तू एकामागून एक मशीनमध्ये घातलंस. एक्स-रे, सीटी, ते साखरेचं इंजेक्शन देऊन काढतात ते पेट स्कॅन, आणि शेवटी ती नळी. ती आत थरथरत होती आणि तू मला सामान सांभाळायला बसवून तुझ्या दोस्तांबरोबर काचेमागे बसलास. तेव्हा मी जे बोलले ते बोलले. त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस.

ताई

८ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. घड्याळ डब्यातच आहे, मी डब्यावर उशी ठेवली आहे.

एक्स-रे झाला, आणि माझ्या डोक्याचा पार गुंता झालाय. नीट क्रमाने सांगते, म्हणजे मलाही कळेल.

आधी गाउन दिला. असला गाउन, बाई गं! शिवणाऱ्याला चौकात उभं करावं. खांद्यावरचा बंद उसवून लोंबत होता. म्हटलं, असं सोंग घेऊन मी चारचौघांत जाऊ? पर्समध्ये सुई-दोरा असतोच, तिथल्या तिथे अंगावरच दोन टाके घातले, मग बाहेर आले. मशीनवाली मुलगी गोड होती. मी विचारलं, हे नक्की करतं काय? म्हणाली, "मावशी, किरण तुमच्या अंगातून आरपार जातात. मांसातून सहज जातात, हाडाला अडतात. जिथे अडले तिथे पांढरं दिसतं. सावलीच समजा." श्वास धरायला सांगितला, एक कट् असा आवाज आला, झालं. मी म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी लोक घाबरतात?

मानेचा फोटो डॉक्टरांनी उजेडात धरला. दोन मणक्यांमधली जागा कमी झालीये म्हणाले. नस मात्र दिसत नाही, ती मऊ, किरण तिला विचारतच नाहीत. मग डॉक्टरांनी छातीचा फोटो लावला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला म्हणाले, "तुमच्या छातीत ही सुई कशी गेली?"

अरे, सुई! डाव्या बाजूला, फासळ्यांच्या मध्ये, एक पांढरीशुभ्र बारीक रेघ. मी फोटो हिसकावून खिडकीशी नेला. टोकाला नेढंसुद्धा दिसत होतं. लांब, बारीक, तुरपाईची. मी ओळखली रे. माझीच सुई.

डॉक्टरांनी विचारलं, एक्स-रेच्या वेळी अंगावर काही राहिलं होतं का? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, साखळी काढली, कानातलं काढलं, हूक असलेले कपडेसुद्धा काढले, मी काय वेडी आहे? तर म्हणाले, मग आत आहे.

मग खांद्याची सोनोग्राफी केली, कारण दुखणं खांद्यातलं तर नाही ना ते बघायचं होतं. गार चिकट जेली फासली आणि एक दांडकं फिरवलं. त्यात किरण नसतात म्हणे, आवाज असतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो आत जाऊन आपटतो, परत येतो, आणि त्या येण्याजाण्यातून चित्र होतं. पडद्यावर मला नुसता करडा चिखल दिसला. पण खांदा ठणठणीत आहे म्हणाले. सुई त्यांना दिसली नाही, कारण छातीत त्यांनी बघितलंच नाही. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरतं बघतो आणि मला पुढच्या खोलीत पाठवतो.

मला वाटतं झोपेत गेली असेल. आईने लावलेली सवय तुला माहीतच आहे: सुई कधी जमिनीवर ठेवायची नाही, टेबलावर ठेवायची नाही, टाका संपला की उराशी टोचून ठेवायची. तूसुद्धा लहानपणी तिला बिलगताना एकदा गालाला टोचून घेतली होतीस आणि केवढं भोकाड पसरलं होतंस. दुपारी दुकानात लवंडते तशीच कधीतरी लवंडले असेन आणि गेली आत. पण मग दुखलं कसं नाही?

ताई

१३ मार्च

धाकट्या,

आज सीटी स्कॅन झाला. तुझी बोलायची इच्छा नसेल तर नको बोलूस, पण हे वाच आणि मला सांग मी वेडी झालेय का.

एक मोठं कडं असतं आणि त्यातून तुमचं टेबल सरकतं. तीच मुलगी होती. म्हणाली, "हा पण एक्स-रेच, मावशी. पण तो एका जागेवरून नाही घ्यायचा, चहूबाजूंनी फिरत घ्यायचा. मग कॉम्प्युटर तुमच्या चकत्या करून दाखवतो." म्हटलं, वा! कांद्यासारख्या? म्हणाली, अगदी तशाच. कड्याची मला भीती नाही वाटली, ते दोन्हीकडून उघडं असतं.

चकत्या आल्या. वरपासून खालपर्यंत सगळी छाती कापून बघितली. आणि सुई नाही!

नाही म्हणजे नाही. कुठल्याच चकतीत नाही. एक फोटो म्हणतो सुई आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघंही किरणांनीच बघतात. माझ्याच छातीत काय आहे ते मला कळेना झालंय. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेच्या वेळी काहीतरी अंगाबाहेर असणार. मी म्हटलं, शपथ घेऊन सांगते, नव्हतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही इतकं ठासून सांगताय, तर मला धरून चालावं लागेल की सुई होती आणि सरकून दुसरीकडे गेली. नस बघायला एमआरआय हवा, आणि तिथे असतं मोठं चुंबक. अंगात सुई असताना तुम्हाला तिथे कुणी घेणार नाही." आणि एमआरआयशिवाय ते मानेला हात लावणार नाहीत. म्हणजे सुई सापडेपर्यंत हात असाच जाऊ द्यायचा.

घड्याळवाले बरोबर आले होते. ते म्हणतात सुई रक्ताबरोबर फिरते आणि फिरत फिरत काळजात जाते, त्यांच्या कुणा मेहुण्याच्या शेजाऱ्याचं तसं झालं. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. पण तेव्हापासून श्वास जपून घेतेय.

तिथे बाहेर बसले होते तर मळके गाउन गोळा करणारी बाई भांडत होती. बोटाला हे एवढं फडकं बांधलेलं. "लोक गाउनमध्ये वाट्टेल ते टोचून टाकतात, आमचे हात काय रस्त्यावर पडलेत?" मला तिची फार कीव आली. मी तिची बाजू घेऊन मोठ्याने म्हटलं, काय बेफिकीर असतात हो लोक! ती म्हणाली, बघा ना. दोघी बराच वेळ लोकांना नावं ठेवत बसलो, तेवढाच जीव रमला.

धाकट्या, आज मला सुईत दोरा ओवता आला नाही. घड्याळवाल्यांनी ओवून दिला. मला कुणाला विचारायचं तेच समजत नाहीये. डॉक्टर कागद बघतात, मुलगी मशीन बघते, आणि मी मध्ये लटकलेय. तुला विचारायला जीव तयार नव्हता, पण विचारते. सांग ना रे, कुठे आहे ती सुई?

ताई

२० मार्च

धाकट्या,

आला तुझा कागद. ना नमस्कार, ना कशी आहेस, नुसते तीन प्रश्न. "एक्स-रेच्या वेळी अंगावर काय होतं? त्यात कुठे टाका घातलास का? टाका संपल्यावर सुई कुठे ठेवलीस?"

दुकानाच्या पायरीवर उभी राहून वाचलं. तिसऱ्या प्रश्नाला माझा डावा हात आपोआप छातीवर गेला. कपाळ माझं! मी तिथेच खाली बसले आणि जी हसत सुटले ती घड्याळवाले डोळ्यातलं भिंग तसंच ठेवून धावत आले.

दोन टाके घातले, दोरा तोडला आणि सुई उराशी टोचली. त्या गाउनला. तशीच जाऊन फोटो काढला. साखळी काढली, कानातलं काढलं, सगळ्या जगाला शपथा घातल्या, आणि सुईचं एकदाही मनात आलं नाही. आईने इतकं अंगात भिनवलंय की ती अंगावर आहे हेच कळत नाही. खाली तू लिहिलंयस तेही वाचलं: "एक्स-रे म्हणजे नुसती सावली. कपड्यावरचं, कातडीवरचं, काळजातलं, सगळं एकाच पानावर येऊन पडतं. पुढे काय आणि मागे काय ते त्याला कळत नाही. बाजूने एक फोटो काढायला सांग." हे त्या डॉक्टरांनी सांगितलं असेलही, माझ्या आरडाओरड्यात मला ऐकू आलं नसेल.

गेले. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी टेबलावर डोकंच टेकलं. समोरून एक, बाजूने एक, दोन्ही फोटो काढले. दोन्हीकडून छाती स्वच्छ.

मग त्या गाउनवाल्या बाईला शोधून काढलं. मला बघून म्हणाली, या, बसा, आणखी एकाने पिना टाकल्यात. मी म्हटलं, ती सुई माझी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. बोट बरं झालंय तिचं. हात सुधारला तर तिचे सगळे उसवलेले गाउन शिवून देणार आहे, आणि प्रत्येक वेळी सुई तिच्या हातात मोजून परत देणार, ही तिची अट आहे.

परवा एमआरआय आहे. नळी. आईला नेलं होतं तीच खोली. तरी जाईन. घड्याळवाले येणार आहेत.

तुला बरं अक्षर काढता आलं असतं. तुझा तर हात धड आहे.

ताई

२२ मार्च

धाकट्या,

नाही जमलं.

आधी ऐकून घे. मी गेले, गाउन घातला, तो उसवलेला होता तरी हात लावला नाही. मुलीने सगळं समजावलं. यात किरण नाहीत, मोठं चुंबक आहे, आणि आपण आहोत निम्मेअधिक पाणीच. त्या पाण्याला चुंबक ओळीत उभं करतं, मग मशीन त्याला हलकेच धक्का देतं, आणि पाणी पुन्हा जागेवर येताना जो इशारा देतं त्यावरून चित्र होतं. म्हणून यात नस दिसते, जी एक्स-रेला दिसत नाही. आवाज फार होतो, घाबरू नका. हातात एक रबरी फुगा दिला, नकोसं वाटलं तर दाबा.

टेबल आत सरकलं. नाकाशी छत आलं. खोली गार. आणि ठक ठक ठक सुरू झालं, दारावर कुणी हातोडा घालावा तसं. मला आई दिसायला लागली. तिने इथे एकटीने पडून काय केलं असेल, कुणाला हाक मारली असेल. मी फुगा दाबला. दाबतच राहिले.

बाहेर काढल्यावर मी लहान मुलीसारखी रडले. ती मुलगी म्हणाली, "मावशी, एवढं होत असेल तर घरचं कुणीतरी आत बसू शकतं. पायाशी बसायचं, पाय धरून ठेवायचा. बऱ्याच जणांना तेवढ्याने धीर येतो." घड्याळवाले लगेच पुढे झाले. तिने त्यांना सांगितलं, "काका, घड्याळ, पट्टा, किल्ल्या, सगळं बाहेर काढून ठेवा."

त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. मग पट्टा. मग किल्ल्या.

धाकट्या, माझ्या हातात तेच वजन आलं. तेच, त्याच क्रमाने, त्याच दारापाशी.  मग मुलीला विचारलं, काचेमागे बसतात त्यांनाही हे काढावं लागतं का गं? ती म्हणाली, "छे! ते तर बाहेरच असतात. आत जाणाऱ्यालाच काढावं लागतं."

आत जाणाऱ्याला.

आई शेवटी शेवटी म्हणायची, त्याचे हात किती गार होते गं. मी म्हणायचे, कुणाचे? ती म्हणायची, पाय सोडला नाही त्याने. मला वाटायचं तापात बरळतेय. मी तिला पांघरूण घालून गप्प करायचे.

तू आत होतास. त्या ठकठकाटात, त्या गारठ्यात, तिचा पाय धरून बसला होतास. आणि मी बाहेर तुझं घड्याळ हातात घेऊन तुझ्यावर दात खात होते. सांगितलं का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं? मी एवढं बोलले, सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा एक शब्द बोलायला काय झालं होतं? मला तुझा इतका राग आलाय की पेन दाबून दाबून लिहितेय, त्यात हाताला मुंग्या, त्यामुळे हे तुला वाचता येईल की नाही देव जाणे. इतकी वर्षं मला वाटत होतं ती एकटी होती. आज कळलं ती एकटी नव्हती. बरं वाटलं रे. फार बरं वाटलं.

घड्याळवाल्यांना आत घेतलं नाही. मुलगी त्यांचे खिसे रिकामे करत होती आणि त्यातून बारीक स्प्रिंगा, स्क्रू, चिमटे निघतच होते. शेवटी तिने हात जोडले. आणि खरं सांगू, त्यांनी पाय धरलेला मला चाललाच नसता.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा बोलावलंय. डॉक्टर म्हणतात फार लांबवू नका, नस वाट बघत नाही. तू ये. रजा काढ, भांडून काढ, पण ये. तुझं घड्याळ मी पाठवणार नाही. आलास की तुझ्या हातावर बांधीन आणि त्या दाराशी पुन्हा काढून घेईन. घड्याळवाले बाहेर ते धरून बसायला तयार आहेत. माझ्या अंगावर सुई नसेल, आत जायच्या आधी त्या गाउनवाल्या बाईकडूनच तपासून घेणार आहे.

पहिल्या पत्रात जागा सोडली होती ना, तिथे आशीर्वाद लिही. माझ्या वतीने तूच लिही, माझा हात दुखतोय.

आणि तुझे हात गार असले तरी चालतील.

ताई